समुपदेशनातला उपदेश जरा बाजूला ठेवू

काउन्सेलिंगला आपण मराठीत समुपदेशन म्हणतो आणि माझं म्हणणं असंय की गडबड तिथूनच सुरू होते. शब्दाच्या आतच उपदेश बसलाय. गावात कुणाला सांगितलं की उद्या समुपदेशक येणारेत, तर माणूस मनाची तयारी करूनच बसतो की आता कुणीतरी येणार, खुर्चीवर बसणार, दारू सोडा म्हणणार, लग्नात खर्च करू नका म्हणणार, लेकराबाळांच्या तोंडाकडं बघा म्हणणार आणि सही घेऊन जाणार. आणि बऱ्याचदा होतं पण तसंच. मी बीड-लातूरच्या खेड्यांत नऊ वर्षं हे काम केलंय, आधी एका संस्थेकडून, नंतर करारावर, आणि पहिली दोन-अडीच वर्षं मी हेच करत होते, अगदी मनापासून करत होते.

धारूरकडच्या एका वस्तीवरची बाई मला त्यातून बाहेर काढून गेली. वय पस्तीसच्या आसपास, नवऱ्यानं जीव दिल्याला चौदा महिने झालेले, दोन लेकरं, सासू. मी गेले तेव्हा ती पत्र्याच्या घरापुढं बसून सुपात तूर पाखडत होती. माझ्याकडं डिप्रेशन किती आहे ते बघायचा नऊ प्रश्नांचा कागद, तोच जो जगभर वापरतात, मागच्या दोन आठवड्यांत असं किती दिवस झालं ते विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क, बेरीज जास्तीत जास्त २७. पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद न वाटण्याचा. ती म्हणली, "रसाचं काय घेऊन बसलाव ताई, काम तर करावंच लागतंय." मी 'काही दिवस' वर टिक केली. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का तेही विचारलं, ती मान हलवून नाही म्हणली. सूप चालूच होतं. सात-आठ मिनिटांत कागद भरला, ११ आले, म्हणजे मध्यम. मग मी ठरलेलं सगळं सांगितलं, लेकरांकडं बघा, चार बायकांत मिसळत जा, आणि हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. "बरं," म्हणली.

मी चप्पल घालायला वाकले तेव्हा सुपाचा आवाज थांबला. ती म्हणली, "एक विचारू का ताई? त्यानं मला सांगितलं का नसंल?"

अजून दोन घरं बाकी होती आणि जीपवाला हॉर्न मारायला लागला होता. मी म्हणाले, असं मनात आणू नका. आणि निघाले.

त्या कागदावर नऊ प्रश्न होते आणि तिचा प्रश्न दहावा होता. तिच्या आयुष्यात तेवढा एकच प्रश्न होता आणि तो विचारायला तिला चौदा महिने लागले होते आणि ज्या माणसाला विचारला तो माणूस चप्पल घालत होता. हे मला आजही खुपतं.

नंतर वाचताना कळलं की उपदेश न करता समोरच्या माणसाला मधोमध ठेवायचं, हा काउन्सेलिंगमधला माणूस-केंद्री विचार ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर जवळपास हेच झालं होतं. १९२८ पासून दहा-अकरा वर्षं ते अमेरिकेत रॉचेस्टरला लहान मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात होते. एक आई यायची, मुलगा फार हूड. रॉजर्स यांचं निदान पक्कं होतं की आईनंच मुलाला लहानपणी दूर लोटलंय, आणि ते गोडीगुलाबीनं तिच्या गळी हे उतरवायला बघत होते पण काही केल्या उतरेना. शेवटी ते म्हणाले, आपल्याला जमत नाहीये, थांबूया. ती बाई उठली, दारापर्यंत गेली, मागं वळली आणि म्हणाली, तुम्ही इथं मोठ्या माणसांना पण घेता का? आणि परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचं सांगायला लागली, जे तिच्या फाइलीत कुठंच नव्हतं. रॉजर्स यांनी त्यातून घेतलेला धडा साधा होता, कुठं दुखतंय आणि कुठल्या वाटेनं जायचं हे त्या माणसालाच माहीत असतं, आपण त्याच्यामागं चालायचं. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की ते दारातून परत फिरलेल्या बाईसाठी थांबले आणि मी जीपकडं गेले.

पुढं १९५७ मध्ये त्यांनी मांडलं की माणूस बदलायला काय लागतं. त्यातल्या तीन गोष्टी सगळीकडं शिकवतात. एक म्हणजे समोरच्याला अट न घालता मानणं, म्हणजे दारू सोडलीस तर चांगला, असं नाही, आत्ता जसा आहेस तसा माझ्यासमोर बस. दुसरी, काउन्सेलरच्या आत एक बाहेर एक नसणं. आणि तिसरी एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर जाऊन त्याला कसं दिसतंय ते बघणं, पण ती जागा आपली नाही हे न विसरणं. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की आपल्या ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडमध्ये उरकतात आणि पुढं फॉर्म कसा भरायचा याला दोन तास देतात. पण खरंच करून बघा, समोर रडणाऱ्या माणसापुढं पाच मिनिटं काहीही न सुचवता बसून बघा. आपल्याला पहिल्याच मिनिटाला काहीतरी सांगायचं असतं कारण ते रडणं आपल्यालाच सहन होत नसतं. "होईल सगळं नीट" हे वाक्य आपण त्याच्यासाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त बोलतो.

दुसरा प्रवाह अस्तित्ववादी काउन्सेलिंगचा. नाव जड आहे पण विषय आपल्या ओसरीवरचाच आहे. अर्व्हिन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये चार गोष्टी मांडल्या ज्यांच्यापासून कुणाचीच सुटका नाही: मरण, मोकळीक आणि तिच्यासोबत येणारी जबाबदारी, एकटेपण, आणि हे सगळं कशासाठी हा प्रश्न. आता सांगा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घर अंगावर पडून सगळं कुटुंब गेलं आणि आपण एकटेच राहिलो अशा माणसाला यातला कुठला प्रश्न परका वाटेल? ऊसतोडीला जाताना म्हातारीला गावात एकटं सोडून जाणाऱ्या पोराला? आपल्याकडं हे प्रश्न रोज विचारले जातात, फक्त ते मानसिक आरोग्याच्या खात्यात कुणी लिहून घेत नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियातला एक पोरगा, हिंगोलीकडचा, नीटचा दुसरा अटेम्प्ट. त्याला आधी कुणीतरी अभ्यासाचं टाइमटेबल, झोपेचे नियम, मोबाइल कमी कर, असं सगळं देऊन झालं होतं आणि ते काही चुकीचं नव्हतं. माझ्यासमोर तो बराच वेळ बॅगेची चेन उघड-बंद करत बसला आणि मग म्हणला, "मॅडम, नंबर नाही लागला तर मी कोण हाय मग?" बापानं दोन एकर विकलंय, गावात सगळे त्याला आत्ताच डॉक्टर म्हणतात, आणि डॉक्टर वजा केला तर खाली काही उरतं का हे त्याला माहीत नाही. या प्रश्नाला टाइमटेबल हे उत्तर नाहीये. तो मुलगा आजारी होता असंही मला वाटत नाही, तो अगदी बरोबर जागी अडकला होता, आणि तिथं कुणीतरी न घाबरता त्याच्यासोबत थांबणं गरजेचं होतं.

इथं मला व्हिक्टर फ्रँकल आठवतात. छळछावण्यांमधून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात, पण त्याच्या कितीतरी आधी, विशीत असताना, त्यांनी व्हिएन्नात तरुणांसाठी मोफत सल्ला केंद्रं सुरू केली होती आणि १९३० मध्ये शाळांची प्रगतीपुस्तकं मिळायच्या दिवसांत खास मोहीम काढली होती. त्या वेळी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, शहरात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. जवळपास शंभर वर्षं झाली याला. लातूर आणि संभाजीनगरमध्ये निकालाच्या आठवड्यात ज्यांचा नंबर लागला त्यांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. ज्यांचा लागला नाही त्यांच्यासाठी त्या आठवड्यात प्रत्येक होस्टेलवर एक ऐकणारा माणूस का नसावा?

आता यावर मला नेहमी जे ऐकवलं जातं त्याकडं येते, कारण ते खरं आहे आणि टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, बाई, सावकाराचं व्याज ऐकून घेतल्यानं कमी होतं का? सोयाबीनला भाव नाही, २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं जमीन खरवडून गेली, आणि तुम्ही जगण्याचा अर्थ विचारायला आलात? हा राग रास्त आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येला नुसतं डिप्रेशन म्हणून मोकळं होणं हा अन्यायच आहे. पण हे बोलणाऱ्यांना मी सांगते की फ्रँकल स्वतः हेच म्हणत होते. आई, वडील, भाऊ, बायको सगळे छावण्यांत गमावलेला हा माणूस स्पष्ट सांगतो की दुःखाचं कारण दूर करता येत असेल तर ते दूर करणं हेच अर्थपूर्ण काम, टाळता येणारं दुःख सोसण्यात काही मोठेपणा नाही. म्हणजे हमीभावाची लढाई आणि समोर बसून ऐकणं यात भांडण नाहीच. कर्जमाफी व्हावी आणि कर्ज माफ झालेल्या घरातल्या बाईचा "त्यानं सांगितलं का नसंल" हा प्रश्नही कुणीतरी ऐकावा, कारण तो कर्जमाफीनं मिटत नाही.

आणि "आधी पोट, मग मन" म्हणून मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांचा पिरॅमिड, म्हणजे माणसाच्या गरजांची खालून वर रचलेली उतरंड, पुढं करणारे पण भेटतात. एक तर १९४३ च्या त्यांच्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. आणि दुसरं म्हणजे रिकाम्या पोटाच्या माणसाला मान लागत नाही, अर्थ लागत नाही, हे कुणी ठरवलं? शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना एक लाख मिळायचे तर ते प्रकरण आधी समितीसमोर जातं आणि तिथं ठरतं की प्रकरण पात्र की अपात्र. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठल्या बँकेचं, त्यावर. एका म्हाताऱ्या बापानं मला विचारलं होतं, "पोरगं अपात्र म्हणजे काय हो?" पैसे मिळाले नाहीत त्याचं दुःख त्याला होतंच, पण हा शब्द त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. पोटाला लागतं तसं माणसाला हेही लागतं, की माझ्या लेकराला असं कुणी म्हणू नये.

पुरावा काय, हा दुसरा आक्षेप. ऐकणं वगैरे ठीक, पण संशोधन काय म्हणतं? २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक मोठा अभ्यास आला, डिप्रेशनच्या ५१० लोकांचा, एका गटाला सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, आणि दुसऱ्याला रॉजर्सच्या वळणाची थेरपी. सहा महिन्यांनी दोन्ही बरोबरीत. पण वर्षानंतर सीबीटी पुढं होती, आणि हे मी लपवणार नाही, कारण आपल्या बाजूचं तेवढंच सांगायचं असेल तर मग तो प्रचार झाला. ऐकण्यानं माणूस सावरतो, पण त्याला सोबत काही ठोस हत्यार पण लागतं, असा मी त्याचा अर्थ लावते. कॅन्सरच्या रुग्णांवर फ्रँकल यांच्या जगण्याच्या अर्थाबद्दलच्या विचारातून बेतलेली गट-थेरपी न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांच्या टीमनं तपासली, २०१५ मध्ये २५३ रुग्णांवरचा निष्कर्ष आला आणि नुसत्या आधार-गटापेक्षा ती सरस ठरली. आणि सगळ्या पद्धती एकत्र घेऊन बघितलं तर २०१८ मध्ये २९५ अभ्यासांची मोजदाद झाली, त्यात काउन्सेलर आणि समोरचा माणूस यांचं नातं किती जुळलंय याचा परिणामाशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला, पद्धत कुठलीही असो. संबंध फार प्रचंड नाही, मध्यमच आहे, पण तो इतक्या ठिकाणी दिसतो की त्याला ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड देणं परवडणारं नाही.

आपल्या जवळचंच बघायचं तर गोव्यात साध्या, डिग्री नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून डिप्रेशनसाठी सहा ते आठ भेटींची थेरपी देऊन बघितली, २०१७ मध्ये निकाल आले आणि उपयोग झाला. ती थेरपी रॉजर्सची नव्हती, रोजच्या कामांत माणसाला परत हळूहळू आणायची होती, पण ती देणारा माणूस शेजारपाजारचा होता, त्याच भाषेत बोलणारा. विदर्भात अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, तिथं डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोक बोलत नाहीत, लोकांना लाज वाटते, असं आपण म्हणत बसतो, पण बोलायला जागा केली की लोक येतात. आणि मराठवाड्याबद्दल बोलायचं तर २०१५-१६ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वे १२ राज्यांत झाला आणि त्यात महाराष्ट्रच नव्हता. इथल्या माणसाला नेमकं काय होतंय हे त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत लिहून घेणारं संशोधन आपल्या विद्यापीठांनी करायला पाहिजे, नुसते परदेशी प्रश्न भाषांतर करून शंभर विद्यार्थ्यांकडून भरून घेण्यापेक्षा. "जीव घाबरायलाय", "डोक्यात किडे पडल्यावानी झालंय", "मन लागंना", यांतला एकेक शब्द वेगळा आहे, आणि स्कोअरमध्ये गेला की सगळे सारखे होतात.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच छळतो. हा सगळा विचार एकट्या माणसाचा आहे, तू निवड, तू ठरव, तुझं आयुष्य तुझं. माझ्यासमोर बसलेल्या बाईनं निवडायचं काय? तिच्या शेजारी सासू बसलीय, दारात दीर उभाय, जमीन तिच्या नावावर नाही. तिला मोकळीक आहे असं सांगणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ. पण हळूहळू मला दिसलं की तिला मोकळी जागा एकच हवी असते आणि ती फार लहान असते: निदान दुःख कशाचं करायचं हे तरी मी ठरवीन. सगळं गाव तिला सांगतंय, लेकरांसाठी जग. हे वाक्य प्रेमाचं आहे, पण तो दुसऱ्यानं हातात दिलेला अर्थ आहे, आणि फ्रँकल यांचं सगळं म्हणणंच हे की अर्थ कुणी कुणाला देऊ शकत नाही, तो ज्याचा त्यालाच सापडतो. आणि हे परदेशी आहे असंही मी मानत नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून काय करत होत्या? दळण हातात, आणि ओवीत सासरचं, माहेरचं, मेलेल्या लेकराचं सगळं सांगून मोकळ्या होत होत्या, जात्याच्या खुंट्याला समोर दुसरी बाई बसलेली, ती उपदेश करत नव्हती, ती पुढची ओवी लावत होती. गिरणी आली ते चांगलंच झालं, पण ती समोरची बाई गेली. तिची जागा आम्ही भरायचीय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचा सरकारी 'प्रेरणा' प्रकल्प २०१५-१६ पासून मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा १४ जिल्ह्यांत आहे, १०४ चा आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून १४४१६ वर टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं, हे सगळं हवंच, अडचणीत असलेल्या कुणीही तो नंबर लावावाच. पण आशाताईच्या डोक्यावर आधीच बाळंतपणं, लसीकरण, टीबी, सर्वे, त्यात हा अजून एक फॉर्म आणि त्याची मोजणी घरांच्या आकड्यात. आकडा घरांचा लावला की माणूस घरं मोजणार, मीही मोजत होते. त्याऐवजी मोजा की त्याच माणसाला किती वेळा भेटलात, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर त्यानं स्वतःहून काय सांगितलं. ट्रेनिंगचा निम्मा वेळ तोंड बंद ठेवून ऐकायच्या सरावाला द्या, एकमेकींसमोर बसून, रेकॉर्ड करून, परत ऐकून. रॉजर्स यांनी १९४० च्या आसपास ग्रामोफोनच्या तबकड्यांवर सेशन रेकॉर्ड करून हे केलं, आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, सराव आपसातला असला की कुणाची गुप्तताही मोडत नाही. आणि काउन्सेलरला ११ महिन्यांच्या करारावर ठेवू नका हो. ज्या कामाचा सगळा जोर नात्यावर आहे तिथं अकरा महिन्यांनी माणूसच बदलला तर त्या बाईनं परत पहिल्यापासून कुणाला सांगायचं? कितीतरी जणी म्हणतात, "मागच्या मॅडमला सांगितलं होतं की सगळं." त्यानंतर त्या बोलत नाहीत.

धारूरकडच्या त्या बाईकडं मी परत गेले, तीन आठवड्यांनी, बसनं, जीप न घेता, त्या दिवशी दुसरं घर ठेवलंच नाही. कागद पिशवीतच ठेवला. म्हणाले, त्या दिवशी तुम्ही विचारलं आणि मी निघून गेले, चुकलं माझं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, आदल्या रात्री त्यानं भाकरीला दुसऱ्यांदा कोरड्यास मागून घेतलं होतं, असं तो कधी करत नव्हता, मला वाटलं आज मन बरं आहे त्याचं. एवढंच. त्या दिवशी आम्ही त्या एका भाकरीबद्दलच बोललो, पाऊण तास. त्यानं का सांगितलं नाही याचं उत्तर तिलाही मिळालं नाही, मलाही नाही. त्यानंतर मी अजून दोनदा गेले. चौथ्या खेपेला तिनं चहा टाकला, सासूला म्हणली तुम्ही जरा शेळीकडं बघा, आणि माझ्या पिशवीकडं बघून म्हणली, "काढा तुमचा तो कागद ताई. त्या दिवशी मी सगळं खोटंच सांगितलं होतं."